खटका बंद, चासी चालू: बेकेलाइटच्या रेडिओ सेटचा पुढचा अंक

सापडलं एकदाचं! गेल्या वेळचं कोडं आठवत असेलच. व्हॉल्व्हचा जुना रेडिओ सेट चालू असताना चासी (आतला धातूचा सांगाडा) ते अर्थ २-३ व्होल्ट, आणि व्हॉल्यूमचा खटका बंद केला की २२८. हो, बंद केल्यावर. दोन पिनांचा प्लग उलटा घातला की सगळं नेमकं उलट. आरसीसीबी (अर्थकडे करंट गळला की पडणारा घरचा स्विच) मात्र ढिम्म. साहजिक आहे म्हणा, सेट लाकडी टेबलावर, अर्थकडे करंट जायला वाटच नाही. तो ३० मिलीअँपिअरला पडतो खरा, पण ही वाट आपल्याच हातातून तयार व्हायची होती.

पहिला संशय मेणाच्या कंडेन्सरांवर. ते बदलायचेच होते, म्हणून एरियलच्या वाटेत वाय-२ आणि मेनवरच्या ०.०१ मायक्रोफॅरडच्या जागी एक्स-२ टाकला (दोन्ही मेनसाठीचे सुरक्षित कंडेन्सर). आकडा जागचा हलला नाही. डिजिटल मीटरचा भरवसा इथे कमीच, कारण दहा मेगओमच्या मीटरला कुठूनही झिरपलेला व्होल्टेजही खरा वाटतो. निऑन टेस्टर तर त्याहून भोळा.

मग सेट आयसोलेशनवर, म्हणजे मेनपासून तोडून, घेतला (२३०/१२ चे दोन ट्रान्सफॉर्मर पाठीला पाठ लावून) आणि खटका बंद ठेवून, चासी आणि प्लगची चासीकडची पिन यांच्यामध्ये १५ वॅटचा बल्ब लावला. क्लिपा आधी, डावा हात खिशात, मग बटण. ०.०१ चा कंडेन्सर ५० हर्ट्झला तीन लाख ओमच्या वर अडवतो, तो बल्ब पेटवणं शक्यच नाही. बल्ब पिवळसर पेटला! म्हणजे वाट काही हजार ओमचीच.

आणि ती वाट म्हणजे व्हॉल्व्हांच्या फिलामेंटची (तापणाऱ्या तारांची) एकामागून एक जोडलेली साखळी. यूसीएच८१, यूबीएफ८९, यूसीएल८२, यूवाय८५ : १९, १९, ५०, ३८, एकूण १२६ व्होल्ट. उरलेले १०४ ड्रॉपरवर (जादा व्होल्टेज खाणारा रेझिस्टर), १०० मिलीअँपिअरच्या हिशेबाने १०४० ओम. मोजला तर १०६०. इतक्या वर्षांनी! फार बरं वाटलं.

पूर्वीच्या कुणा मेकॅनिकने व्हॉल्यूमचा डबल पोल (दोन्ही वायरी तोडणाऱ्या खटक्याचा) पॉट काढून सिंगल पोलचा बसवलाय, आणि खटका चासीच्या बाजूच्या वायरीत. फेजची वायर स्लीव्ह चढवून थेट जोडलेली. खटका बंद केला की न्यूट्रल तुटतो, फेज मात्र ड्रॉपर आणि फिलामेंटमधून चासीवर येऊन बसतो. करंट नाही, म्हणून ड्रॉपही नाही, पुरे २३० हजर. त्यात व्हॉल्यूमचा नॉब दांड्यावर आवळणाऱ्या ग्रब स्क्रूला झाकणारं मेण गळून गेलंय. रेडिओ बंद करणारं बोट नेमकं त्या स्क्रूवर.

डबल पोलचा पॉट पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळाला नाही, सिंगल पोल हवे तेवढे. तेव्हा पॉटचा खटका शॉर्ट करून मागे दोन पोलचा रॉकर स्विच लावायचं ठरवलं होतं. पण लिहिता लिहिता वाटतंय, सेट घरातली माणसं वापरणार, तर आयसोलेशन कायमचंच का नको? सेट खातो ४० वॅटच्या आसपास, पण यूवाय८५ (एसीचं डीसी करणारा व्हॉल्व्ह) अर्धीच लाट ओढतो, त्या डीसीने ट्रान्सफॉर्मरचा लहान कोअर सॅच्युरेट होईल (चुंबकत्वाने भरून जाईल). १०० व्हीए तरी हवा, आणि तो कॅबिनेटमध्ये मावत नाही. मग वेगळा डबा, रॉकर त्याच्यावरच. डिमरस्टॅट (व्होल्टेज कमी-जास्त करणारा) आहे ना, असं कुणी सुचवू नका. तो ऑटोट्रान्सफॉर्मर, एकाच गुंडाळीचा, फेज तिकडूनही तसाच येतो. आणि आयसोलेशनमागे दोन्ही वायरींना हात लागला तर आरसीसीबी पडत नाही, त्यामुळे खिशातला हात खिशातच.

फिल्टरचे ५०+५० मायक्रोफॅरडचे कंडेन्सर बदलले. दुकानदार ३५० व्होल्टचे गळ्यात मारत होता, पण २३० चं शिखरच ३२५, आणि आमच्याकडे रात्री २५० येतात. ४५० चेच घेतले. डिस्चार्जला ४.७ के, ५ वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर क्लिपेने लावून मीटर शून्याजवळ येईपर्यंत थांबतो. स्क्रूड्रायव्हरची ठिणगी ज्यांना आवडते त्यांनी आपल्या सेटवर उडवावी.

काल ७९२ किलोहर्ट्झवर पुणे केंद्र लागलं. घरघर आहे अजून, यूसीएल८२ च्या ग्रिडवरचा कपलिंग कंडेन्सर बदलला की बघू.

१ मेग लॉग, डबल पोल खटक्याचा पॉट कुणाच्या डब्यात पडून असेल तर कळवा. दांडा ६ मिमी, लांब असला तर कापून घेईन.