अरुंद पन्ह्याचं कापड

टोकियो, रात्री उशिरा

झोप येत नाही. इथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. म्हणजे इचलकरंजीत आत्ता दिवसपाळी सुटून रात्रपाळीची माणसं मागावर उभी राहिली असतील.

पासपोर्टाची पहिली पानं भरली. विमानतळ, रांगा, रेल्वे हे सगळं नीट पार पडलं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. मैत्रिणींनी विचारलं होतं, कपडे करणारी तू, पहिल्यांदा देशाबाहेर जातेस तर पॅरिस, मिलान सोडून जपान का? आमच्या गल्लीत वाढलेल्या कुणाला हा प्रश्न पडला नसता. परदेश म्हणून मी लहानपणी पहिलं नाव ऐकलं ते जपानचंच, आणि तेही मागामुळे. कुणाच्या शेडमध्ये टोयोटाचे एअरजेट, म्हणजे हवेच्या झोताने धागा टाकणारे माग, आले, कुणी त्सुदाकोमाचे घेतले, किती कर्ज काढलं, यावर आमच्या घरी जेवताना चर्चा व्हायची. ते माग जिथून येतात तो देश बघायचा होता.

शिवाय माझ्या वडिलांचे, अण्णांचे, साधे धोट्याचे माग. भंगारवाला येऊन भाव करून गेलाय, किलोवर. अण्णा म्हणतात, दिवाळीपर्यंत बघू.

टोकियो, निप्पोरी

आजचा अख्खा दिवस कापडात गेला. निप्पोरी स्टेशनातून बाहेर पडलं की थोड्या अंतरावर कापडाचा बाजार सुरू होतो आणि जवळजवळ किलोमीटरभर संपत नाही. कापड, अस्तर, बटणं, चेन, चामडं, नुसत्या लेसची वेगळी दुकानं. फुटपाथवर ताग्यांच्या उभ्या रांगा आणि त्यातून वाट काढत कापड चिमटीत धरून बघणाऱ्या बायका. आजोबांच्या वयाचे एक गृहस्थ शर्टाचं कापड उजेडाला धरून विणीतली गाठ शोधत होते. ग्राहक असा असला तर विणणाऱ्याला गाठ सोडून देता येत नाही.

मी सर्वांत जास्त वेळ डबल गॉझपाशी थांबले. मलमलीसारखे दोन पातळ थर एकाच वेळी विणायचे आणि ठरावीक अंतरावर एकमेकांना धाग्याने बांधायचे, असं हे सुती कापड असतं. धुतलं की त्या टाक्यांमधलं कापड फुगतं आणि मऊ होतं. लहान बाळांसाठी इथे ते खूप वापरतात. विणकामात अवघड काही नाही, डॉबी (नक्षी विणायची जोडणी) लावलेल्या मागावर आपल्याकडे सहज निघेल. आपल्या उन्हाळ्याला याहून योग्य कापड दुसरं नसेल. दोन मीटर घेतलं.

संध्याकाळी रोप्पोंगीला २१_२१ डिझाइन साइट बघायला गेले. फॅशन डिझायनर इस्से मियाके यांनी स्थापन केलेल्यांपैकी ही एक जागा, इमारत तादाओ आंदो यांची, २००७ सालची. छप्पर पोलादाचं आहे, पण घडी घातलेल्या पत्र्यासारखं जमिनीकडे उतरतं. एका अखंड कापडातून वस्त्र करायचं, ही मियाके यांची आयुष्यभराची कल्पना तिथे छपरात उतरली आहे. त्यांचे प्लीट्सचे कपडे आधी दोन-तीन पट मोठ्या मापाचे शिवले जातात आणि मग कागदात घालून, यंत्रात दाबून त्यांना चुण्या पाडतात. चुणीचं कापड आणून शिवायचं नाही, शिवलेल्या कपड्याला चुण्या. क्रम उलटा केला आणि कापडाचा सगळा स्वभावच बदलला. कॉलेजात हे पुस्तकात वाचलं होतं, पण आज बाही हातात धरून ओढून सोडली तेव्हा कळलं.

नागोया

आजच्या दिवसासाठी आले होते असं म्हटलं तरी चालेल.

टोयोटाचं उद्योग आणि तंत्रज्ञान संग्रहालय लाल विटांच्या जुन्या गिरणीत आहे. ज्यांच्या घराण्यातून टोयोटा उभी राहिली त्या साकिची तोयोदा यांनी १९११ साली इथे प्रायोगिक कारखाना काढला होता. त्यांचा पहिला शोध म्हणजे १८९० चा लाकडी हातमाग, पुढच्या वर्षी त्याचं पेटंट मिळालं. तिथून हळूहळू पुढे सरकत १९२४ च्या जी टाइप स्वयंचलित मागापर्यंत सगळं ओळीने मांडलंय. आणि नुसतं मांडून ठेवलेलं नाही, तिथली माणसं माग चालवून दाखवतात!

आपल्या साध्या मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या धोट्यातली सुताची कांडी संपत आली की कामगाराने माग थांबवायचा, कांडी बदलायची, परत चालू करायचा. एका माणसाकडे किती माग द्यायचे हे त्याच्यावरच ठरतं. जी टाइपमध्ये बाणा, म्हणजे हा आडवा धागा, संपत आला की पूर्ण वेगात चाललेल्या मागावर नवा धोटा येऊन जुन्याची जागा घेतो. ताण्याचा, म्हणजे उभ्या धाग्यांतला, एक धागा तुटला तरी माग आपोआप उभा राहतो. १९२९ मध्ये इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीने या मागाचे हक्क विकत घेतले. ज्या लँकेशायरने जगाला माग विकले, त्याने जपानकडून माग शिकावा, ही केवढी गोष्ट आहे. मोटारीच्या संशोधनाला बळ मिळालं ते याच व्यवहारातून, असं सांगतात. पण आज मला मोटारींच्या दालनात पाऊलही टाकावंसं वाटलं नाही.

अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. ते शेडमध्येच होते.

"धोटा बदललेला परत दाखव," म्हणाले. तिथल्या ताईंनी परत चालवून दाखवला.

"पिकर कशाचा हाय बघ. कातड्याचा का प्लास्टिकचा?"

धोट्याला धक्का देणारा तो भाग दिसावा म्हणून मी फोन मागाच्या कडेला नेला. अण्णा डोळे बारीक करून बघत होते, मागे त्यांचे माग खटखटत होते, इथे हा शंभर वर्षांपूर्वीच्या घडणीचा माग खटखटत होता. त्या ताईंना मी हातवारे करून सांगितलं की पलीकडे माझे वडील आहेत, त्यांच्याकडेही असेच माग आहेत, आणि ते रोज चालतात. त्यांनी फोनमध्ये वाकून बघितलं आणि अण्णांना नमस्कार केला. अण्णा गडबडीने टोपी सारखी करत म्हणाले, "त्यांना म्हणावं, तेल चांगलं ठेवलंय मागाला."

इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला १९०४ साली. म्हणजे साकिची इथे खटपट करत होते त्याच काळात आमच्या गावातही कुणीतरी हेच वेड घेतलं होतं. शाळेत हे कधी कुणी आम्हाला असं सांगितलं नाही.

आरिमात्सु

नागोयाहून मेइतेत्सु लाइनने वीसेक मिनिटं. जुन्या तोकाइदो रस्त्यावरचं गाव, १६०८ पासून बांधणीच्या कापडासाठी प्रसिद्ध. वाटसरू इथून बांधणीचे पंचे विकत घेऊन जायचे. लाकडी घरं, दारांवर निळीचे पडदे.

संग्रहालयात एक आजी बांधत बसल्या होत्या. समोर छोटा स्टँड, त्याला बारीक आकडा. कापडाचा कण आकड्यात अडकवायचा, दोऱ्याचे वेढे द्यायचे, ओढायचं, पुढचा कण. कच्छच्या बांधणीत हे काम वाढवलेल्या नखाने होतं, इथे आकड्याने. इथे शंभराच्या वर तऱ्हा आहेत, आणि एक बाई आयुष्यभर शक्यतो एकच तऱ्हा करते. एका कापडावर तीन तऱ्हा असतील तर ते तीन घरी फिरतं. आजींच्या बोटांकडे बघत बराच वेळ बसले. एकही वेढा त्या मोजत नव्हत्या आणि एकही कमीजास्त होत नव्हता.

क्योतो

निशिजिन या विणकरांच्या भागात आज एका विणकरांची नखं बघितली. मधल्या बोटांच्या नखांना कानशीने करवतीसारखे दाते पाडलेले. त्सुझुरे, म्हणजे इथलं चित्रांचं विणकाम, विणताना बाण्याचा रंगीत धागा या दात्यांनी खेचून घट्ट बसवतात. ताण्याच्या खाली चित्राचा कागद आणि वर नख चालतंय. एका फुलाच्या पाकळीला अर्धा दिवस लागतो म्हणाले.

मला येवला आठवलं. पैठणीचा पदर असाच निघतो. प्रत्येक रंगाची वेगळी कांडी, जिथे रंग संपतो तिथून धागा माघारी. फरक एवढाच की पैठणीत शेजारच्या रंगांचे धागे एकमेकांत अडकवतात, त्सुझुरेत रंगांच्या हद्दीवर बारीक फट राहते. मोबाइलमधला आईच्या पैठणीचा फोटो दाखवला. त्यांनी तो मोठा करून मोराच्या मानेपाशी नेला, बोटाने रंगांची हद्द दाखवली आणि मान डोलावली. आम्हाला दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण तो फोटो आम्ही दोघांनी एकाच ठिकाणी बघितला.

त्यांच्या हाताखाली शिकणारं कुणी दिसलं नाही. बाकी सगळे माग रिकामे होते, चालू तेवढा एकच.

काल २१ तारीख होती, तोजी देवळाच्या आवारात महिन्याचा बाजार भरतो. जुन्या किमोनोंचे ढीग. एक उसवलेला घेतला, मुद्दाम. रात्री खोलीत जमिनीवर सगळे तुकडे जुळवले आणि कापडाची अखंड पट्टी तयार झाली! पन्हा साधारण सदतीस सेंटिमीटर, लांबी बारा मीटरच्या आसपास. कुठेही गोल कापलेलं नाही, मुंढा नाही, गळ्याचा आकार नाही. सगळे तुकडे काटकोनातले, जादा कापड शिवणीच्या आत दुमडलेलं. पूर्वी धुवायला काढताना किमोनो उसवून, परत पट्टी करून, ताणून वाळवत. लहान मुलीच्या किमोनोला खांद्यावर आणि कमरेवर टाका घालून कापड दुमडून ठेवतात, मुलगी वाढेल तसं सोडत जातात. आमची आई ब्लाऊज शिवताना शिवणीत माया (जादा कापड) ठेवते, धाकटीला उपयोगी पडेल म्हणून. इथे सगळा कपडाच त्या हिशेबाने बेतलेला आहे.

आम्हाला कॉलेजात आधी आकार काढायला शिकवलं, मग तो कापडावर बसवायला. उरलेली कात्रणं पोत्यात. इथे मागाचा पन्हा आधी, कपडा त्यातून. ही शिस्त मला पटली. नुसती पटली नाही, मला ती माझ्या कामात हवी आहे.

कोजिमा

ओकायामाहून रेल्वेने अर्ध्या तासाच्या आत. स्टेशनपासूनच जीन्स. जीन्स स्ट्रीटवर तर डोक्यावर दोरीला जीन्स वाळत घातल्यासारख्या टांगलेल्या. गंमत म्हणून छान आहे, पण मला बघायचं होतं ते आतलं.

हा भाग पूर्वी बेट होता. समुद्र हटवून जमीन केली, खारट मातीत भात येईना, कापूस आला. कापसातून पट्ट्या, दोऱ्या विणणं, मग मोजे, मग शाळेचे गणवेश, आणि १९६० च्या दशकापासून जीन्स. एक धंदा बसला की हातातली कला घेऊन दुसऱ्यात शिरायचं, असं हे गाव जगलं आहे.

एका छोट्या कारखान्यात आत सोडलं. जुने धोट्याचे माग, तोयोदाचेच. आमच्या शेडमध्ये उभी आहे असं वाटावं इतकं सगळं ओळखीचं: कापसाची धूळ, तेलाचा वास, बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं. एका कोपऱ्यात मोडीतल्या मागांचे सुटे भाग नीट चिठ्ठ्या लावून ठेवले होते. नवे मिळत नाहीत, म्हणून मरणाऱ्या मागाचे भाग जपून ठेवायचे.

मालकांना फोनवरून भाषांतर करून विचारलं, एअरजेट मिनिटाला सहाशेच्या वर बाणे टाकतो, हा त्याच्या चौथाईलाही पोचत नाही, मग हाच का? त्यांनी मला खिडकीपाशी नेलं आणि डेनिमचा तुकडा तिरपा धरला. वर सगळी बारीक उंचसखल. हा माग ताण्याला फार ताणत नाही, त्यामुळे सुताचा फुगीरपणा शिल्लक राहतो. निळीत सूत दोरखंडासारखं वळून बुडवतात, त्यामुळे रंग बाहेरून चढतो आणि गाभा पांढरा राहतो. कापड घासलं जाईल तसा उंच धाग्यांवरचा रंग आधी उतरतो. घालणाऱ्याच्या गुडघ्याचा, खिशाचा नकाशा कापडावर उमटत जातो. मग त्यांनी काठ दाखवला. धोटा धागा न तोडता परत फिरतो म्हणून काठ बंद असतो. एअरजेटवर प्रत्येक बाणा कापला जातो, कडेला झिरमिळ्या राहतात. या बंद काठातली लाल रेघ दिसावी म्हणून लोक जीन्सचा पाय दुमडून घालतात आणि त्यासाठी जास्त पैसे मोजतात.

असा बंद काठ अण्णांच्या मागावर रोज निघतो, आणि त्याचा वेगळा एक पैसा कधी मिळालेला नाही.

रात्री हे लिहिताना अजून आत ढवळतंय. मागात फरक नाही, माणसांच्या कसबातही नाही. फरक पुढे आहे. आमचं कापड ग्रे, म्हणजे न रंगवलेलं कोरं, म्हणून ट्रकमध्ये चढतं, बालोत्रा, पाली, अहमदाबादला जातं, रंगतं, छापतं आणि कुणाच्या तरी वेगळ्या नावाने विकलं जातं. खर्चीवाल्याला, म्हणजे दुसऱ्याचं सूत मजुरीवर विणून देणाऱ्याला, पिकामागे (टाकलेल्या बाण्यामागे) ठरलेली मजुरी, तीसुद्धा झगडून. इथे विणणं, कापणं, शिवणं, धुणं सगळं गावात आणि आसपास होतं, म्हणून शेवटच्या लेबलावर गावाचं नाव टिकतं. इचलकरंजीचं नाव लिहिलेला एक शर्ट मी आजवर दुकानात बघितलेला नाही. हे मला सहन होत नाही. एअरजेट वाईट आहेत असं मी म्हणणार नाही, त्यांच्यावर आमच्या गावची शेकडो घरं चालतात. पण साधा माग किलोवर विकायच्या आधी त्याच्या कापडाला त्याचा भाव कुणीतरी मागून बघायला हवा. ते माझं काम आहे, कपडे करणाऱ्या माणसाचं.

ओसाका, विमानतळ

सकाळपासून वहीत नुसतं मापं टाकणं चाललंय. छत्तीस इंच पन्हा धरून जाकीट: पाठ दोन पट्ट्यांची, मधे जोड. बंद काठ शिवणीत घेतला की ओव्हरलॉकची गरज नाही, उलट तो बाहेर दिसू द्यायचा. बाह्या सरळ पट्टीच्या, काखेत चौकोनी कळी. कात्रण जवळपास निघतच नाही. सूत आधी रंगवून घ्यायचं, गावातच.

अण्णांचा फोन आला. पोचायची वेळ विचारून झाली, मग थोडं थांबून म्हणाले, "मंगळवारी सुताला खळ द्यायला सायझिंगला जातोय. तुझं ते काय डोक्यात हाय, त्याला सूत कुठलं लागतंय?"

"बारा काउंट, अण्णा. ताणा निळा, बाणा कच्चा पांढरा. पन्हा छत्तीस."

"किती बीम?"

"एक. आणि काठाला लाल धागा टाकायचा."

"लाल कशाला?"

"आल्यावर सांगते. भंगारवाल्याला मात्र आजच नको म्हणून सांगा."

"त्याला कवाच सांगितलंय," अण्णा म्हणाले. "तू बघ आधी विमान."