दे इकडे, मीच करते

गेल्या वर्षीच्या अप्रेझलला साहेब म्हणाले, "तुमच्या शिफ्टला रिजेक्शन सगळ्यात कमी आहे मॅडम, पण तुम्ही सुट्टीवर गेलात की लाइन बसते." मी ते कौतुक समजून घरी सांगितलं. नवऱ्याने हातातला घास तसाच धरून विचारलं, "हे चांगलं म्हणाले की वाईट?"

साताऱ्याच्या एमआयडीसीत मशीन शॉपला मी सुपरवायझर आहे. चौदा वर्षं झाली. नवीन पोरगं सेटिंगला अडखळलं की माझ्या तोंडून आपोआप निघतं, "दे इकडे, मीच करते." पाच मिनिटांत काम होतं, पोरगं बाजूला उभं राहून बघतं, आणि पुढच्या वेळी पुन्हा मलाच हाक मारतं. घरीही तेच. मुलगा बारा वर्षांचा झाला तरी त्याचं दप्तर मी भरत होते.

सकाळी अजिंक्यताऱ्यावर चालायला जाते, तिथल्या एका मैत्रिणीने डोंगरातल्या एका पायी मोहिमेचं सांगितलं. डिसेंबरात नऊ दिवस, पाठीवर सगळं सामान, वय १८ ते ४५, विषय 'नेतृत्व विकास'. हे दोन शब्द ऐकले की मला एसी हॉल, फळा आणि दुपारचं जड जेवण आठवतं. पण नऊ दिवस फोन बंद म्हटल्यावर भुरळ पडली, खोटं कशाला बोलू. फॉर्म भरला, डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट जोडलं, साहेबांकडून रजा काढली. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "परत आल्यावर पाय चेपून मागू नकोस." दोन महिने सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून चार भिंती स्मारकावरून वर किल्ल्यावर चढत होते. आधी पाच लिटर, मग दहा.

आम्ही दहा जण आणि दोन प्रशिक्षक. त्यांना सगळे दादा म्हणायचे. निघायच्या आदल्या दिवशी एका हॉलमध्ये शिधा पसरला होता. माणशी रोज साधारण ७०० ग्रॅम कोरडा माल: तांदूळ, डाळ, पोहे, रवा, गूळ, शेंगदाणे, दूध पावडर. प्रत्येकाची सॅक काट्यावर गेली. माझी १३ किलो भरली, त्यात कंदी पेढ्यांचा एक डबा मी लपवला होता. तो दादांना सापडला आणि सगळ्यांच्या शिध्यात जमा झाला.

वाट अशी होती. वाईच्या पश्चिमेला तीन मोठी पठारं ओळीने आहेत: रायरेश्वर, कोळेश्वर, महाबळेश्वर. पहिल्या दोनांच्या मधून वाळकी वाहते, दुसऱ्या दोनांच्या मधून कृष्णा. आम्ही जांभळीतून रायरेश्वर चढणार, केंजळगडाकडे वळून खावलीत उतरणार, वाळकी ओलांडून वासोळ्यातून कमळगड, तिथून कोळेश्वरच्या रानातून जोर गावी, मग महाबळेश्वर, प्रतापगड आणि शेवटी मकरंदगड. नकाशा भारतीय सर्वेक्षण विभागाचा, १:५०,००० चा. म्हणजे कागदावरचे २ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा १ किलोमीटर. आणि दोन समोच्चरेषांमध्ये, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमध्ये, २० मीटरची उंची. हे शेवटचं नीट लक्षात ठेवा असं दादा तीनदा म्हणाले. १५ मीटरचा कडा दोन रेषांच्या मध्ये दडू शकतो, नकाशा त्याचा पत्ता लागू देत नाही.

रोज एक 'आजचा लीडर'. किती वाजता निघायचं, कुठे थांबायचं, पाणी कुठे भरायचं, सगळं त्याने ठरवायचं. प्रशिक्षक मागे राहणार, आणि जिवाला धोका दिसला तरच बोलणार.

रायरेश्वर सोपं गेलं. वर पठारावर जंगम मंडळींची घरं आहेत, देवळात थंडगार अंधार आहे. शिवरायांनी १६४५ मध्ये स्वराज्याची शपथ इथे घेतली असं परंपरा सांगते. आमच्यातल्या दोन पोरांनी तिथे मोठ्याने गारद म्हटली. रात्री अशी थंडी पडली की मोज्यांवर मोजे घातले.

माझं खरं रूप केंजळगडावर बाहेर आलं. स्वयंपाक गटागटाने होता. आमच्या गटातल्या कॉलेजच्या मुलाने खिचडीला पाणी कमी घातलं, बुडाला लागली. मी पातेलं त्याच्या हातातून घेतलं. मग तंबू उभारताना एका मुलीची दोरी सैल बसली, ती मी सोडून परत बांधली. दुसऱ्या दिवशी खावलीच्या उतारावर तिचा गुडघा दुखायला लागला, तर तिचा तंबू मी माझ्या सॅकला लावला. संध्याकाळी भांडीही मीच घासली. दमले होते, पण आतून फुगले होते. वाटत होतं, या मोहिमेचं बक्षीस असलं तर मलाच.

एक दादा रात्री या प्रकारच्या शिक्षणाची कुळकथा सांगायचे. १९४१ मध्ये वेल्समधल्या अॅबरडोव्हीला कुर्ट हान नावाच्या शिक्षकाने 'आउटवर्ड बाउंड'ची पहिली शाळा काढली, ऐन महायुद्धात, तरुण खलाशांसाठी. मग १९६५ मध्ये अमेरिकेत वायोमिंगला पॉल पेटझोल्टने 'नॅशनल आउटडोअर लीडरशिप स्कूल' सुरू केली. हा पेटझोल्ट १९३८ च्या अमेरिकन के-टू शिखर मोहिमेत होता. त्याचं म्हणणं असं की मोहिमेत माणसं एकमेकांशी कशी वागतात, हे दोरी आणि बर्फाच्या कुऱ्हाडीइतकंच महत्त्वाचं कौशल्य आहे. त्या शाळेत नेतृत्वाचे चार प्रकार शिकवतात. नेमलेला नेता, बरोबरीच्यांतला नेता, स्वतःचा नेता आणि सक्रिय अनुयायी. अनुयायी हा नेतृत्वाचा प्रकार कसा, असं मीच विचारलं. दादा म्हणाले, "उद्यापर्यंत थांबा."

दुसऱ्या दिवशी कमळगडाच्या वाटेवर गर्द झाडी लागली. गडावर तट-बुरूज शोधायला जाल तर निराशा होईल. पण तिथे कातळात खोल उतरत गेलेली गेरूची विहीर आहे. पायऱ्या उतरत खाली गेलं की दोन्ही बाजूंच्या भिंती लालभडक, हात लावला की बोटं रंगतात. वर भर दुपार आणि खाली देवघरासारखा गारवा. आम्ही सगळे तिथे अर्धा तास काही न बोलता बसलो. आख्ख्या नऊ दिवसांतली माझी सगळ्यात आवडती जागा हीच.

त्याच संध्याकाळी गडाखालच्या सपाटीवर गोल करून बसलो. प्रत्येकाने दुसऱ्याला दोन गोष्टी सांगायच्या, एक उपयोगी पडलेली आणि एक अडचणीची. ज्या मुलीचा तंबू मी वाहिला होता, ती एकोणीस वर्षांची. माझ्याकडे न बघता म्हणाली, "ताई, तुम्ही खूप मदत करता. पण तुम्ही बरोबर असलात की मला वाटतं मला काहीच येत नाही. गुडघा दुखत होता, पण तंबू मला न्यायचा होता. तुम्ही विचारलंच नाही."

मी हसून "बरं बरं" म्हटलं. तंबूत गेल्यावर स्लीपिंग बॅगची चेन तोंडापर्यंत ओढून रडले. राग जास्त होता. एवढं राबले आणि वर हे ऐकायचं? मग मध्यरात्री कधीतरी खिचडीवाल्या पोराचा चेहरा आठवला, आणि त्याच्या मागोमाग मशीन शॉपमधले एकेक चेहरे. बाजूला उभे राहून बघणारे.

पाचव्या दिवशी लीडर मी होते. नेमकं कोळेश्वर.

कोळेश्वर म्हणजे लांबरुंद पठार, वर दाट रान. झाडीतून पलीकडचं काही दिसत नाही, आणि गुरांच्या वाटा, गव्यांच्या वाटा, माणसांच्या वाटा सगळ्या एकसारख्या. वाटेत गव्याचं ताजं शेण दिसलं तेव्हा सगळे आपोआप हळू बोलायला लागले. नकाशा आणि होकायंत्र मी खिचडीवाल्या मुलाच्या हातात दिलं. "वाट तू काढायची. मी वेळ आणि पाणी बघते."

पहिला तास बरा गेला. मग एका फाट्यावर तो उजवीकडे वळला. माझ्या मते वाट डावीकडे होती. मत कसलं, खात्रीच. जीभ टाळूला लावून ठेवली. मनात हिशेब केला: सव्वाअकरा वाजलेत, उजेड सहापर्यंत, माणशी दीड लिटर पाणी, कडा अजून लांब आहे. म्हणजे चुकलो तरी चुकण्याएवढा वेळ हातात आहे. एक वाजेपर्यंत बोलायचं नाही, असं ठरवलं. ती मौनव्रत मोहीम मला मकरंदगडाच्या चढापेक्षा जड गेली. दोन्ही हात सॅकच्या पट्ट्यांत अडकवून चालत होते, नाहीतर नकाशा हिसकावला असता.

पाऊण तासाने तो स्वतःच थांबला. "ताई, उतार चुकीच्या बाजूला लागलाय." मी म्हटलं, "मग?" तो खाली बसला, नकाशा पसरला. तंबूवाली मुलगी आणि आणखी एक जण त्याच्याशेजारी बसले. तिघांनी होकायंत्र फिरवलं, समोरच्या झाडीच्या फटीतून दिसणारं एक टोक ओळखलं, वाद घातला, आणि आपण डोंगराच्या भलत्याच सोंडेवर आलोय हे शोधून काढलं. मग त्या मुलीने मागच्या फाट्याची जागा नकाशावर बोटाने दाखवली. माझी डावीकडची वाट? ती वासोळ्याच्या बाजूच्या कड्यावर जाऊन संपत होती. खरी वाट त्याच्याही आधी, आम्हा कुणालाच न दिसलेल्या एका फाट्यावर होती.

खात्री असून मी चुकले होते. हे कुणालाही कळलं नाही, कारण मी बोललेच नव्हते. आता लिहिते आहे, एवढंच.

मागे फिरलो, वाट सापडली, जोरच्या बाजूचा उतार सुरू झाला. मी स्वतःवर खूश. आणि तिथेच घोळ झाला. सगळ्यात मागचा मुलगा, मुळात अबोल, मध्येच बसला आणि उठेना. त्याचं पाणी दोन तासांपूर्वीच संपलं होतं. टाचेला रुपयाएवढा फोड, तो फुटून मोजा रक्ताने चिकटलेला. त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. 'वेळ आणि पाणी मी बघते' असं सकाळी माझंच वाक्य होतं. पाणी पाजलं, टाचेला पट्टी बांधली. या वेळी मी विचारलं, "तुझं सामान वाटून घेऊ का?" त्याने मान हलवल्यावर ते चौघांत वाटलं, आणि अंधार पडता पडता जोरमध्ये पोचलो.

पहिल्याच घराच्या ओट्यावर एक आजी बसल्या होत्या. "वाट चुकलासा व्हय? कोळेश्वरावं आमची माणसंबी चुकत्यात." आणि उत्तराची वाट न बघता आत जाऊन पाण्याची कळशी घेऊन आल्या. तो गारवा अजून घशात आहे.

रात्री दादांनी मला बाजूला बोलावलं. ओरडतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "गप्प राहिलात ते छान केलंत. पण गप्प राहण्यात एवढ्या गुंतलात की बघायचं राहिलं. सक्रिय अनुयायीचं विचारत होतात ना? सकाळी वाट काढणारा तो मुलगा होता, त्याच्या मागे चालणाऱ्या तुम्ही. अनुयायी व्हायला डोळे उघडे लागतात." त्या अबोल मुलालाही ते वेगळं बोलले. त्याला काय सांगितलं ते मी विचारलं नाही.

पुढचे चार दिवस भराभर गेले. जोरमधून महाबळेश्वर चढताना दम निघाला, आणि वर पोचल्यावर पर्यटकांच्या गाड्या, मक्याच्या कणसांचा वास, हॉर्न. पाच दिवसांच्या रानानंतर ते सगळं अंगावर आलं. प्रतापगडावर गर्दी होती. मकरंदगडाला इंग्रज 'सॅडलबॅक' म्हणायचे, लांबून तो खरंच खोगिरासारखा दिसतो. शेवटच्या रात्री उरलेले पेढे निघाले, माणशी अर्धा. रानाचे नियम तोवर अंगवळणी पडले होते: शेकोटी नाही, कचरा परत सॅकमध्ये, आणि शौचाला जायचं तर पाण्यापासून सत्तर पावलं लांब, वीतभर खोल खड्डा खणून, नंतर बुजवून. पहिल्या दिवशी त्या छोट्या फावड्याची लाज वाटत होती, शेवटी शेवटी "फावडं कुणाकडे आहे?" असं आम्ही चहाच्या कपासारखं विचारत होतो.

घरी आल्यावर पाय चेपून मागितले नाहीत. मुलाचं दप्तर भरणं बंद केलं, पहिल्या आठवड्यात त्याला दोनदा शिक्षा झाली. सासूबाईंच्या मते हा डोंगराचा वाईट परिणाम आहे. त्यांचं अगदीच चूक आहे असं मला अजूनही ठाम म्हणता येत नाही.

परवा दुसऱ्या शिफ्टला नव्या मुलाला सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, सेटिंग करायचं होतं. ऑफसेट, म्हणजे हत्याराच्या मापांचे आकडे, टाकताना तो अडखळला आणि सवयीने माझ्याकडे वळला. "दे इकडे" ओठांवर आलं होतं. "आधी ड्राय रन घे, जॉब न लावता," एवढंच म्हटलं आणि हात मागे बांधून उभी राहिले. तो पुटपुटत आकडे तपासत होता. पंधरा मिनिटं झाली, पलीकडच्या मशीनवरचे दोघं माझ्याकडे बघून काहीतरी कुजबुजले. वीस मिनिटं झाली. मग एकदम जोरचा उतार आठवला आणि मी आकड्यांवरची नजर काढून त्या पोराकडे पाहिलं. त्याचा सेफ्टी गॉगल टेबलावरच पडला होता.

"गॉगल," मी म्हटलं.