लाल झाला, हिरवा झाला, आणि लाइट गेली

माझ्या स्टुडिओत काउंटरच्या मागं, एका नवरदेवाच्या आणि एका बारशाच्या फोटोच्या मधोमध गुरू ग्रहाचा फोटो लावलाय. पासपोर्टचे आठ फोटो न्यायला आलेली माणसं तो बघतात, "हे तुम्हीच काढलंय का?" म्हणतात. त्यातला एखादा दुर्बीणवाला निघालाच, तर पुढचा प्रश्न ठरलेला: "ग्रह टिपायला दुर्बिणीला लावायचा कॅमेरा कलर घेऊ का मोनो, म्हणजे काळा-पांढरा?" मागं केजहून एक पोरगं एसटीनं अंबाजोगाईला आलं, फक्त हे विचारायला. त्याला चहा पाजून जे सांगितलं तेच इथं लिहितोय. तुम्हीही विचारलंत म्हणून.

उत्तर एका शब्दाचं आहे: कलर. आता त्यामागचं रामायण.

कॅमेऱ्यातला सेन्सर मुळात रंगांधळा असतो. किती उजेड पडला एवढंच त्याला कळतं. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांच्या नावावर १९७६ साली एका युक्तीचं पेटंट निघालं: दर चार पिक्सेलमध्ये दोन हिरवे, एक लाल, एक निळा अशा बारक्या फिल्टरची जाळी सेन्सरवर बसवायची. कलर कॅमेरा म्हणजे ही जाळी बसवलेला मोनो. लाल रंग चारातल्या एकाच पिक्सेलला दिसतो, बाकी तिघांचा लाल शेजाऱ्यापाजाऱ्यांकडं बघून अंदाजानं भरला जातो. मोनोवर जाळी नाही. प्रत्येक पिक्सेल कामाला, पण रंग हवा असेल तर पुढं लाल, हिरवा, निळा असे फिल्टर आळीपाळीनं लावून तीनदा टिपायचं. १९७९ साली व्हॉयेजरनं पाठवलेले गुरूचे रंगीत फोटो असेच, फिल्टर फिरवून काढलेले.

कागदावर मोनोच जिंकतो. मीही कागद वाचूनच आधी मोनो घेतला होता.

पण ग्रहाचा फोटो आपण एक काढत नाही. व्हिडिओ घेतो, हजारो फ्रेम. त्यातल्या बऱ्या निवडून ऑटोस्टॅकर्ट नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक रचतो. हवेनं ग्रह सारखा डुलत असतो, त्यामुळं गुरूवरचा तोच ठिपका एका फ्रेममध्ये लाल पिक्सेलवर पडतो, दुसऱ्यात हिरव्यावर, तिसऱ्यात निळ्यावर. अंदाजानं भरलेल्या जागा खऱ्या उजेडानं भरत जातात. जाळीचा तोटा उरतो, पण कागदावर दिसतो तेवढा नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. एवढा अगडबंब गुरू दहा तासांच्या आतच स्वतःभोवती फिरतो. माझी दुर्बीण आठ इंची. तीत दोन-अडीच मिनिटांपुढं पट्ट्यांतले बारकावे पुसट व्हायला लागतात. कलरवाल्यानं बटण दाबलं, दोन मिनिटांत मोकळा. मोनोवाल्याला त्याच कामाला तीन फेऱ्या. प्रत्येक फिल्टरला फोकस थोडा हलतो, हातानं फिल्टरचं चाक फिरवलं की ग्रह त्या नखाएवढ्या सेन्सरवरून पळतो, तो परत शोधा. विनज्युपॉस सॉफ्टवेअर गुरूला उलटा फिरवून तिन्ही रंग जुळवून देतं, मान्य. पण एकदा गुरूसमोरून त्याचा चंद्र आयो चालला होता, तो माझ्या फोटोत तीन ठिकाणी आला: एक लाल, एक हिरवा, एक निळा. बायकोनं विचारलं, गुरूला चंद्र नेमके किती?

त्यानंतरची एक रात्र तर विसरायची नाही. हवा इतकी स्थिर की लॅपटॉपवर गुरूवरच्या मोठ्या लाल डागाच्या भोवतीची वळणं नुसत्या डोळ्यांनी मोजता यावीत. लाल झाला. हिरवा झाला. निळा फिल्टर लावला आणि लाइट गेली. लॅपटॉप चालू, कॅमेरा चालू, पण दुर्बिणीला ग्रहामागं फिरवणारा माउंट घरच्या लाइनवर. गुरू शांतपणे पडद्याच्या कडेनं निघून गेला. लाइट आली तासाभरानं, तोवर लाल डागही पलीकडं वळायला लागला होता. त्या फोटोला आजही निळा रंग नाही. दुसऱ्या दिवशी माउंटसाठी बॅटरी आणली, आणि पुढच्या महिन्यात कलर कॅमेरा.

युरोप-अमेरिकेतल्या लोकांचे मोनोचे फोटो बघून आपण भुलतो. त्यांची अडचण निराळी असते. ग्रह क्षितिजाजवळ असला की वातावरण प्रिझमसारखं वागतं. लाल कड एकीकडं, निळी दुसरीकडं. २०२० च्या उन्हाळ्यात लंडनवाल्याला गुरू सोळा-एक अंशांवर दिसत होता, तेव्हा अंबाजोगाईत तो जवळपास पन्नासवर होता. तशा आकाशात रंग वेगवेगळे टिपण्याला अर्थ आहे, किंवा मग ती फूट भरून काढणारा, प्रिझमवाला एडीसी लावा. २०२६ च्या जानेवारीत तर गुरू आपल्या थेट डोक्यावर आला होता. रंग फाटण्याचा प्रश्नच मिटला.

आपला खरा शत्रू स्लॅब. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत वाफा सोडतो. गच्चीवर एकदा शेजारच्या नानांना गुरू दाखवला, तर म्हणाले, "हे असं का उकळायलंय?" बरोबर बोलले. तीच दुर्बीण मुकुंदराजाच्या समाधीकडच्या बाजूला मित्राच्या शेतात, हुरड्याच्या दिवसांत, उभ्या ज्वारीच्या कडेला लावली आणि तासभर थंड होऊ दिली, तर गुरू निम्मा शांत होतो. कलर-मोनोच्या फरकापेक्षा गच्ची आणि शेत यांतला फरक मोठा आहे, आणि त्याला पेट्रोलपुरतेच पैसे लागतात.

मग मोनो विकला का नाही? नाही विकला. हवा खवळलेली असली की मी ६८५ नॅनोमीटरच्या पुढचाच उजेड सोडणारा इन्फ्रारेड फिल्टर त्याला लावतो. लांब तरंगांना हवा कमी हलवते. फोटो काळा-पांढरा येतो, पण मंगळावरचे काळसर डाग त्यात उठून दिसतात. शुक्राचे ढग अतिनीलमध्ये टिपायचे, गुरूवरचा मिथेन वायू जो उजेड शोषतो तो ८८९ नॅनोमीटरचा मिथेन पट्टा टिपायचा, तर मोनोच हवा. तसं त्या पट्ट्यात कलरची जाळीही बऱ्यापैकी पारदर्शक होते, म्हणून काही नवे कलर कॅमेरेही मिथेनचं काम करतात. पण त्याच कारणानं कलर कॅमेऱ्याला एरवी अतिनील आणि इन्फ्रारेड अडवणारा यूव्ही-आयआर कट फिल्टर लावायचा. नाहीतर गुरू धुऊन वाळत घातलेल्या कपड्यासारखा फिका दिसतो. हा फिल्टर स्वस्तातला आहे, आणि नेमका हाच घ्यायचा राहतो.

केजच्या पोरानं हे सगळं ऐकलं आणि म्हणालं, "काका, मग तुमचा मोनो दोन महिने वापरायला द्या की." दिला. फिल्टरच्या डबीसकट दिला. फक्त निळा फिल्टर लावायच्या आधी पुसून घे म्हणालो. त्या रात्री अंधारात चाचपडताना माझा अंगठा त्यावर उमटला तो अजून तसाच आहे.