शेवटचं नाव

दुपारची जेवणं झाल्यावर एका लग्नपत्रिकेचं पाकीट उसवलं आणि आतल्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं मॉरिशस काढलं. साधारण चेपलेल्या हापूससारखं आलं. सप्टेंबरात आठवडाभर जायचंय, त्यातला एक दिवस भाड्याची गाडी घेऊन किनाऱ्याकिनाऱ्यानं फिरायचं ठरलंय. हे काम फोनवर दोन मिनिटांत होतं, असं नवऱ्यानं झोपायला जाता जाता सुनावलं. होत असेल. पण पाकिटावर वेळापत्रक उतरल्याशिवाय मला ती सहल वाटतच नाही.

ही खोड बाबांची. आम्ही रत्नागिरीला असताना ते मित्राची ॲम्बॅसिडर मागून आणायचे आणि आदल्या रात्री कागद घेऊन बसायचे. 6.10 निघणे. 6.40 निवळी. 7.50 गणपतीपुळे. दर्शन 25 मिनिटं, पोहे 15. मग मालगुंड, केशवसुतांचं जन्मघर. शेवटी जयगड. सकाळी 6.10 ला आई मोदकपात्र शोधत असायची. सहलीला मोदकपात्र कशाला, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. आम्ही तिघं भावंडं खिडकीसाठी भांडायचो, समुद्राच्या बाजूची कुठली यावरून. बिचारा समुद्र पुळ्याजवळ पोचेपर्यंत दिसायचाच नाही, पण निवळी फाट्यापर्यंत निदान एकजण तरी रडलेला असायचा.

आणि जयगड कधीच व्हायचा नाही. एकदा रेडिएटर तापला, एकदा धाकट्याला गाडी लागली, एकदा मालगुंडला कुणाकडे तरी ‘पाच मिनिटं’ म्हणून शिरलो ते जेवूनच निघालो. दरवेळी बाबा कागदावरचं शेवटचं नाव खोडायचे. आजही जयगडचा विषय निघाला की म्हणतात, पुढच्या खेपेला.

तर मॉरिशस. मूळ बेट रत्नागिरी जिल्ह्याच्या चौथ्या हिश्श्याहूनही लहान, म्हणजे एका दिवसात सगळं होईल असं वाटायला लावणारं. मी तसल्या मोहात पडणार नाही. फक्त दक्षिण किनारा. आम्ही उतरणार पश्चिमेला, फ्लिक-आं-फ्लाकला. आधी वाटलं, जवळचं आधी उरकावं. मग खिडकी आठवली. तिथेही गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात. म्हणजे सकाळी मधल्या मोठ्या रस्त्यानं थेट आग्नेयेला माएबुर गाठायचं आणि येताना किनारा धरून पश्चिमेकडे यायचं, की समुद्र डाव्या हाताला. गाडी नवरा चालवणार, तो उजवीकडे. पन्नाशीत का होईना, समुद्राची खिडकी पूर्ण दिवस माझी, आणि भांडायला कुणी नाही.

माएबुरला नवऱ्यासाठी संग्रहालय. 1810 मध्ये इथल्या खाडीत फ्रेंचांनी इंग्रजांना हरवलं, आणि दोन्हीकडच्या जखमी कप्तानांवर एकाच घरात उपचार झाले. तेच घर आता संग्रहालय आहे. त्या दोघांनी शेजारशेजारच्या खोल्यांतून काय ऐकलं असेल, कण्हणं तरी वेगवेगळ्या भाषेत असतं का, असा विचार करत मी पेन्सिलीला टोक काढलं. मग ‘ढोल पुरी’: पिवळ्या वाटाण्याचं पुरण, पण गुळाशिवाय, वर रस्सा आणि चटणी. ती जोडीनंच देतात म्हणे. आई असती तर म्हणाली असती, गूळ संपला होता का त्यांचा?

पुढे सुयाकजवळ ग्री-ग्री. बेटाला जवळपास सगळीकडून प्रवाळाचं कुंपण आहे, तिथे मात्र ते तुटलंय, त्यामुळे समुद्र थेट कड्यावर येऊन आपटतो. पोहायचं नाही, नुसतं ऐकायचं. मग माकोंदेचं वळण, रस्ता अगदी पाण्यालगत कातळाला वळसा घालतो तिथलं. जमलं तर परतताना कास्कावेल. कोकणातून ऊसमळ्यांवर गेलेल्यांची वस्ती, गणपतीत जाखडी नाचणारी. चतुर्थीला त्या देशात सुट्टी असते, पण आम्ही जाऊ तोवर गणपती होऊन गेलेले असतील. म्हणून त्याला कंस घातला, आणि कंसातलं नाव मोजायचं नाही.

सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, त्या वेळी नैऋत्य टोकाला असायला हवं. म्हणजे कागदावर शेवटचं नाव आलं ल मॉर्न. जयगडच्या जागी.

समुद्रात घुसलेला साडेपाचशे मीटरचा डोंगर. पुढे मी सवयीनं लिहून मोकळी झाले: फोटो, 20 मिनिटं.

मळ्यांतून पळालेले गुलाम या डोंगरावर लपत. 1835 च्या 1 फेब्रुवारीला गुलामी संपली. तिथले लोक सांगतात, ती बातमी द्यायला शिपाई वर चढू लागले, ते आपल्याला धरायला आले असं वाटून माणसांनी कड्यावरून उड्या टाकल्या. सुटका झालीय हे सांगणारी माणसं तेवढी चढण चढून येईपर्यंत.

20 खोडलं. खोडरबरानं पाकीट जरा फाटलंच. 40 लिहून पाहिलं, तेही पुसलं. नवरा उठून आला, म्हणाला, झालं का तुझं? चहा टाक.

झालंय. तेवढी एक जागा कोरी आहे.