खोडरबर नको

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार शब्द लिहून पाठवावेत, असे पत्र आले. सोबत सुचवलेल्या विषयांत स्नेहसंमेलन, क्रीडामहोत्सव आणि शाळेची नवी इमारत यांचा उल्लेख होता. त्यांविषयी इतर माजी विद्यार्थी माझ्यापेक्षा चांगले लिहितील. मला लिहायचे आहे ते भूगोलाच्या बाईंविषयी, आणि तेही वेळापत्रकात कधीच जागा न मिळालेल्या त्यांच्या गच्चीवरच्या वर्गाविषयी.

1985 सालच्या हिवाळ्यात हॅलेच्या धूमकेतूचा मोठा गाजावाजा झाला होता. लांबलचक शेपटी दिसेल या अपेक्षेने निम्मे गाव गच्चीवर लोटले आणि बाईंच्या द्विनेत्रीतून दिसणारा धुरकट ठिपका पाहून हिरमुसून परतले. पुढे आम्ही मोजकी मुलेच येत राहिलो. बाईंना त्याचे मुळीच वाईट वाटले नाही. उलट गर्दी ओसरल्यावरच त्यांनी आम्हाला ययाती तारकासमूहातील मायावती हा तारा दाखवला. सुमारे 2 दिवस 21 तासांनी या ताऱ्याचे तेज 2.1 प्रतीवरून 3.4 प्रतीपर्यंत उतरते आणि काही तासांत पूर्ववत होते. (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचे माप; आकडा जितका मोठा, तितका तारा मंद.) पण हे त्यांनी आधी सांगितले नाही. देवयानीतील गॅमा तारा 2.1 प्रतीचा आणि ययातीतील एप्सिलॉन 2.9 प्रतीचा, एवढे फळ्यावर लिहून दिले आणि मायावती या दोघांच्या मध्ये कुठे बसतो ते प्रत्येकाने शेजाऱ्याच्या वहीत न डोकावता लिहावे, असा दंडक घातला.

एका रात्री आम्ही सर्वांनी 2.2 च्या आसपास आकडे लिहिले होते आणि एकाच मुलाने 2.8. आकडे मोठ्याने वाचले जाऊ लागताच त्याने गुपचूप आपला आकडा खोडला. लाल जिलेटिनचा कागद लावलेल्या बॅटरीच्या उजेडातही तो पुसट डाग बाईंच्या नजरेतून सुटला नाही. त्यांनी त्याचा खोडरबर मागून घेतला, आपल्या पर्समध्ये टाकला आणि म्हणाल्या, "मत बदलले तर आकड्यावर एक आडवी रेघ मार. पण खालचा आकडा मला वाचता आला पाहिजे." थोड्याच वेळात धुके उतरले, त्यामुळे त्याचा आकडा बरोबर होता की आमचे, हे कधीच ठरले नाही आणि बाईंनीही तो विषय पुन्हा काढला नाही. एक अंधुक जोडीदार मायावतीच्या आड येत असावा, ही कल्पना 1783 मध्ये मांडणारा यॉर्कचा जॉन गुडरिक तेव्हा अवघ्या 18 वर्षांचा होता आणि त्याला ऐकू येत नव्हते, हे मात्र त्यांनी आम्हाला आवर्जून सांगितले.

नोकरीनिमित्त पुण्यात आल्यावर 1944 पासून चालत आलेल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेची ओळख झाली आणि वांगणीला होणाऱ्या खगोल मंडळाच्या रात्रभराच्या कार्यक्रमांनाही जाऊ लागलो. तेथे हौशी मंडळींचा उत्साह दांडगा असतो. मात्र छायाचित्र काढणारे पुष्कळ आणि आकडा लिहिणारे थोडे, असे माझे स्पष्ट मत आहे. मृग नक्षत्रातील काक्षी (बीटलज्यूस) हा तारा 2019 च्या अखेरीस मंदावू लागला, तेव्हा रोहिणी आणि बेलाट्रिक्स या ताऱ्यांशी त्याची तुलना करून मी घराच्या गच्चीवरून नोंदी केल्या आणि रूपविकारी, म्हणजे तेज बदलणाऱ्या ताऱ्यांच्या नोंदी 1911 पासून जमवणाऱ्या अमेरिकेतील संघटनेकडे पाठवल्या. फेब्रुवारी 2020 मध्ये तो जवळजवळ बेलाट्रिक्सइतका, म्हणजे 1.6 प्रतीपर्यंत उतरला होता. जगभरच्या निरीक्षकांच्या त्या ढिगात माझेही काही आकडे आहेत, याचा मला पदोन्नतीपेक्षा अधिक अभिमान वाटतो. बाई तेव्हा हयात नव्हत्या.

गेल्या वर्षी शाळेत आलो असता मुख्याध्यापकांच्या परवानगीने गच्चीवर गेलो. मैदानावरील नव्या दिव्यांच्या झोतात मायावती कसाबसा सापडला, पण एप्सिलॉन काही केल्या दिसला नाही, आणि तुलनेचा तारा नसेल तर नोंद होत नाही. 2024 मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातील पहिले अंधारे आकाश उद्यान म्हणून मान्यता मिळाली याचा आनंद आहेच, पण आठवीतल्या मुलाला आकाश पाहण्यासाठी पेंचला नेता येत नाही. म्हणून शाळा समितीस विनंती, की हिवाळ्यात अमावास्येच्या जवळच्या शनिवारी मैदानावरचे दिवे रात्री आठ ते दहा बंद ठेवावेत. ययातीचे नकाशे, वह्या आणि द्विनेत्री यांची व्यवस्था मी करीन. गच्चीची किल्ली तेवढी शिपाईमामांकडे ठेवावी.