छप्पर पडलं नाही

ते छप्पर उभंच राहिलं. पडलं असतं तर मला कुणी काही विचारलं नसतं. उभं राहिल्यामुळेच त्या लाँड्रीच्या मालकांचा प्रश्न अजून डोक्यात आहे: "मग बंद कशाला केलंत?"

10 फेब्रुवारी 2015, बॉस्टन. जानेवारीच्या शेवटच्या वादळात शहरात 24.6 इंच बर्फ पडला होता, त्यावर आणखी दोन वादळं झाली. त्या मंगळवारी शहरातली लोकल रेल्वेही बंद होती. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. अशा दिवसांत आमचं काम एकच: छपरावर चढायचं आणि खाली माणसांनी थांबावं की नाही ते सांगायचं.

टीव्हीवर बातमीदार पट्टी खुपसून इंच मोजत होते. लोकही इंचच सांगतात. पण छपराला उंची कळत नाही, वजन कळतं. ताजा भुसभुशीत बर्फ आणि वाऱ्याने ठासलेला जुना बर्फ यांच्या वजनात तिप्पट-चौपट फरक सहज पडतो. म्हणून मी एक पाइप नेते. तो सरळ खाली दाबायचा, पण खालच्या रबरी आच्छादनाला धक्का लागू न देता. आतला बर्फ पिशवीत काढून काट्यावर टांगायचा आणि पाइपच्या तोंडाच्या क्षेत्रफळाने भागायचं. हातमोजे काढल्याशिवाय पिशवीची गाठ बसत नाही आणि काढले की बोटं बधिर होतात. तरी हे मोजमाप मी दुसऱ्या कुणावर सोपवत नाही.

दुपारची इमारत म्हणजे हॉटेलांच्या चादरी धुणारी मोठी लाँड्री. 1960 च्या दशकातलं बसकं, सपाट छप्पर आणि त्याला लागून नंतर बांधलेला दुप्पट उंच भाग. ते बघूनच पोटात गोळा आला. उंच छपरावरचा बर्फ वारा झाडून खालच्या छपरावर, भिंतीच्या कडेला आणून टाकतो. नवा भाग बांधताना जुन्या छपराला हा बोजा पेलेल का, हे तपासायलाच हवं होतं. ज्यांनी नकाशावर सही केली त्यांनी ते केलं नव्हतं, आणि हे मला इतक्या ठिकाणी दिसलंय की संतापच येतो.

जुन्या नकाशात छपराची बर्फ पेलण्याची क्षमता चौरस फुटाला 30 पौंड होती, म्हणजे चौरस मीटरला सुमारे 146 किलो. मोकळ्या भागात भरले 107 किलो. भिंतीशी साडेचार फूट ढीग होता, तिथे 350. त्यात लोखंडी जॉइस्ट, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या आडव्या तुळया, भिंतीला समांतर, त्यामुळे जवळजवळ सगळा ढीग पहिल्या दोघा-तिघांच्याच माथी.

वर सहा मजूर आधीच फावडी मारत होते. कुणाला दोर नाही. ते मोकळ्या भागातला बर्फ उचलून भिंतीकडेच ढकलत होते, कारण तिथे वारा कमी लागतो. बर्फाखाली काचेचे झरोके कुठे आहेत हेही त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मी आधी त्यांना खाली उतरवलं. तासावर माणसं आणून अशी छपरावर सोडणारा कंत्राटदार माझ्या मते त्या बर्फापेक्षा घातक होता.

खाली उतरून लेझरने मोजलं. भिंतीजवळचा जॉइस्ट मध्यावर सहा सेंटिमीटर झुकला होता, त्याच्याखालचं एक दार घासत होतं. नगरपालिकेच्या इन्स्पेक्टरला फोन केला. तो अर्ध्या तासात आला, स्वतः वर चढला आणि इमारत बंद करण्याच्या कागदावर माझ्याबरोबर सही केली. त्या महिन्यात असा अधिकारी भेटणं मोठी गोष्ट होती.

मग टेकू लावले. झरोक्यांपाशी झेंडे रोवले, मजुरांना दोर बांधले आणि भिंतीकडचा ढीग पातळ थरांनी उतरवून थेट इमारतीबाहेर टाकायला लावला. तळाचा चार बोटं थर तसाच ठेवला, नाहीतर फावड्याने रबर फाटतं.

लाँड्री तीन दिवस बंद राहिली. इस्त्रीवरच्या एका बाईने मला दारात विचारलं, "पडणार होतं का खरंच?" तिचा पगार तासावर. मी म्हटलं, "पडू शकलं असतं." तिला 'हो' किंवा 'नाही' हवं होतं.

बर्फ हटवून टेकू काढल्यावर पुन्हा मोजलं. सहापैकी चार सेंटिमीटर परत वर आले, दोन राहिले. माझ्या लेखी लोखंड कायमचं वाकल्याची ती खूण. मालक म्हणाले, "ते आधीपासूनच असेल." आधी कुणी मोजलेलं नव्हतं. मी त्यांना पलीकडचे, ढीग न पडलेले जॉइस्ट दाखवले. त्याच मापाचे, त्याच काळचे, आणि सरळ. ते बघून ते गप्प झाले, पण त्या तीन दिवसांचा पगार त्यांनी कामगारांना दिला नाही. कारण विचारलं तर म्हणाले, बंद इंजिनिअरने केलं, आम्ही नाही.

लगेच 14-15 तारखेला चौथं वादळ आलं. ढीग तसाच असता तर त्यावर आणखी भर पडून भिंतीशी किती वजन झालं असतं, त्याचं गणित माझ्या वहीत मांडलेलं आहे आणि त्याबद्दल मला शंका नाही. त्या बाईला ते दाखवायचं राहून गेलं. त्यानंतर कुठलीही इमारत बंद करताना मी मालकाला पहिल्यांदा विचारते, या दिवसांचा पगार कोण देणार. कायद्याने तो माझा प्रश्न नाही, असं ऑफिसात मला दोनदा सांगण्यात आलं आहे.