रडारचे सांधे

मी एडिनबरात लढाऊ विमानांच्या रडारवर काम करते. हुद्दा सीनिअर सिस्टिम्स इंजिनीअरचा. घरी एवढं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: म्हणजे तू नेमकं काय बनवतेस? अँटेना एक टीम बनवते, सॉफ्टवेअर दुसरी, वीजपुरवठा तिसरी, थंड ठेवण्याची यंत्रणा आणखी कोणी. माझ्या हातून एकही सर्किट बोर्ड तयार होत नाही. या सगळ्यांच्या मधली जी जागा आहे, ती माझी. सावंतवाडीला आईशी फोनवर बोलताना हे नेहमी अर्धवट राहतं, म्हणून इथे सविस्तर लिहिते. कंपनी कुठली आणि विमान कुठलं ते सांगणार नाही. तंत्राचं जे लिहिलंय ते कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडेल.

समजा हवाई दलानं सांगितलं, ‘शत्रूचं विमान लांबून दिसलं पाहिजे.’ माणसाला हे वाक्य पुरतं, यंत्राला पुरत नाही. विमान केवढं? किती लांबून? शंभर वेळा शोधलं तर किती वेळा सापडलं पाहिजे? नसलेलं विमान पडद्यावर उमटलं, तर तासाला किती वेळा चालेल? खाली समुद्र खवळलेला आहे आणि लाटांचेच प्रतिध्वनी परत येतायत, तेव्हा काय? यातल्या प्रत्येक प्रश्नाला आकडा लागतो. आणि आकडा लिहिला की तो खरा ठरला हे दाखवणार कसं, तेही तेव्हाच ठरवावं लागतं: प्रयोगशाळेत मोजून, गणितानं, की प्रत्यक्ष उड्डाणात. अशा एकेका वाक्याला आम्ही रिक्वायरमेंट म्हणतो. एका रडारसाठी ती हजारोंनी असतात आणि प्रत्येकाला क्रमांक असतो. पुष्कळांना हे कागदी काम वाटतं. मला ते सगळ्या कामाचं मूळ वाटतं, कारण वाक्य ढिलं राहिलं तर तो ढिलेपणा पुढे धातूत आणि सॉफ्टवेअरमध्ये उतरतो, आणि तिथून तो काढायला वर्षं जातात.

रडारच्या गणितात एक कठोर नियम आहे, आणि माझ्या बहुतेक बैठका त्याच्याभोवती फिरतात. पाठवलेली लहर जाताना पसरते, विमानावर आपटून परत येतानाही पसरते. त्यामुळे बाकी काही न बदलता पल्ला दुप्पट करायचा असेल, तर शक्ती १६ पट लागते. शक्ती वाढली की उष्णता वाढते. हल्लीच्या रडारमध्ये अँटेना गरगर फिरत नाही. तिच्या पाठीवर हजाराच्या आसपास छोटे मॉड्यूल असतात, प्रत्येक जण स्वतः लहर पाठवतो आणि स्वतः ऐकतो. या सगळ्यांची उष्णता वाहून न्यायला आतून द्रव खेळवावा लागतो. द्रव आला की पंप आला, पंपाला वीज आली, वजन आलं, आणि विमानाच्या नाकातली जागा तर आहे तेवढीच राहते. मग कोणीतरी विचारावं लागतं: पल्ला दुप्पट हवाच आहे, की सव्वापट चालेल? सव्वापटीला शक्ती अडीच पटीच्या आत भागते. हे विचारणं माझं काम. उत्तर वैमानिकाकडून घ्यायचं, आणि ते उष्णतेवाल्यांपासून सॉफ्टवेअरवाल्यांपर्यंत सगळ्यांना एकाच अर्थानं कळलंय याची खात्री करायची.

मोठ्या यंत्रणा बहुधा सांध्यांपाशी बिघडतात, असं माझं ठाम मत झालं आहे. एक हिशेब मांडते. विमान सेकंदाला १०० अंशांच्या वेगानं कलंडतंय. आपण या क्षणी किती कललो आहोत, हे विमान रडारला सांगत राहतं. ती माहिती फक्त २० मिलिसेकंद उशिरा पोचली, तर रडारच्या मनातला कल आणि खरा कल यांत २ अंशांचा फरक पडतो. ५० किलोमीटरवरच्या विमानाच्या जागेत त्यामुळे पावणेदोन किलोमीटरपर्यंत चूक होऊ शकते. विमानाचा भाग चोख चाललाय, रडारही चोख चाललंय, दोन्हींच्या चाचण्या आपापल्या जागी उत्तीर्ण आहेत. तरी वैमानिकाला विमान भलतीकडे दिसतंय. म्हणून दोन भागांच्या मधे एक दस्तऐवज असतो, इंटरफेस कंट्रोल डॉक्युमेंट, आम्ही त्याला आयसीडी म्हणतो. कुठला संदेश, कुठल्या एककात, सेकंदाला किती वेळा, किती उशीर चालेल, शून्य अंश कुठून मोजायचा, डावीकडे अधिक की उजवीकडे, सगळं त्यात. दोन्हीकडच्या प्रमुखांच्या सह्या होईपर्यंत मी पाठ सोडत नाही. इथली माणसं याबाबतीत मला फार आवडतात. वयानं आणि हुद्द्यानं कितीही मोठा माणूस असो, ‘हा आकडा कुठून आला?’ असं नवशिक्यानं विचारलं तर तो रागावत नाही, वहीत शोधून दाखवतो.

सांध्यांकडे पाहण्याची ही दृष्टी या देशाला दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर आली. रडारच्या इतिहासातलं रॉबर्ट वॉटसन-वॉट हे नाव स्कॉटलंडमधल्या ब्रिकिन गावचं. २६ फेब्रुवारी १९३५ रोजी डॅव्हेंट्रीजवळ त्यांनी आणि अर्नोल्ड विल्किन्स यांनी बीबीसीच्या प्रक्षेपकाच्या लहरी विमानावरून परत येतात हे दाखवलं. त्यातून किनाऱ्यावर उंच मनोऱ्यांची ‘चेन होम’ साखळी उभी राहिली. तंत्र म्हणून ती ओबडधोबड होती. जर्मनांची ‘फ्रेया’ रडारं कितीतरी रेखीव होती. पण ब्रिटनमध्ये मनोऱ्यापासून टेलिफोनची तार, तिथून लढाऊ विमानदलाच्या मुख्यालयातली, बेंटली प्रायरीची फिल्टर रूम, तिथे परस्परविरोधी बातम्या पडताळून एकच चित्र, ते टेबलावरच्या नकाशावर, आणि तिथून लढाऊ विमानांना हुकूम, असा सगळा रस्ता १९४० च्या जर्मन हवाई हल्ल्यांआधीच बांधून, सराव करून तयार होता. वॉटसन-वॉट म्हणत की तिसऱ्या क्रमांकाचं चांगलं आत्ता द्या, दुसऱ्या क्रमांकाचं उशिरा येतं आणि सर्वोत्तम कधीच येत नाही. माझ्या मते १९४० च्या त्या हवाई लढाईत रडारचं श्रेय सांगताना फिल्टर रूममध्ये काम करणाऱ्या बायकांचं आणि टेलिफोनच्या तारांचं नाव मनोऱ्यांच्या बरोबरीनं घ्यायला हवं.

एडिनबरा रडारचं गाव आहे, हे पर्यटकांना सहसा कळत नाही. किल्ला आणि बॅगपाइपपासून उत्तरेला थोडं गेलं की क्रू टोल लागतं. १९४३ मध्ये फेरांटी कंपनीनं तिथे विमानांच्या तोफांसाठी जायरो गनसाइट, म्हणजे नेम धरायची यंत्रं, बनवायला कारखाना काढला, आणि पुढे तिथूनच लढाऊ विमानांची रडारं बाहेर पडू लागली. त्यातलं एक ‘ब्लू फॉक्स’, सी हॅरियर या लढाऊ विमानासाठी बनवलेलं. हे वाचलं तेव्हा मी काही वेळ तशीच बसून राहिले. कारण आपल्या नौदलाची सी हॅरियर १९८३ पासून गोव्यात, दाभोळीच्या आयएनएस हंसावर होती. मे महिन्यात आम्ही वास्कोला मावशीकडे जायचो आणि ती विमानं कानठळ्या बसवत डोक्यावरून जायची. जागच्या जागी अधांतरी थांबणारं विमान मी तिथे पहिल्यांदा पाहिलं. त्यांच्या नाकातलं रडार या शहरातून आलेलं होतं. पुढे आपण त्यांतल्या काहींवर इस्रायली रडार बसवलं, आणि २०१६ मध्ये ती विमानं निवृत्त झाली.

आणखी मागे जायचं तर विद्युतचुंबकीय लहरींचं गणित मांडणारे जेम्स क्लार्क मॅक्सवेलही इथलेच. १८३१ मध्ये त्यांचा जन्म झाला ते घर अजून उभं आहे, आणि रस्त्याचं नाव आहे इंडिया स्ट्रीट, क्रमांक १४. भारतातून कोणी इंजिनीअर पाहुणा आला की मी त्याला तिथे हटकून घेऊन जाते.

या क्षेत्राचा काळ फार लांब असतो. युरोफायटर टायफून हे लढाऊ विमान १९९४ मध्ये पहिल्यांदा उडालं. त्यासाठी नव्या रडारचं काम आजही चालू आहे. उलट बाजारातली चिप काही वर्षांत बंद होते. बनवणारा पत्र पाठवतो की शेवटची मागणी अमुक तारखेपर्यंत नोंदवा. मग पुढच्या दोन-तीन दशकांत किती बोर्ड दुरुस्तीला येतील याचा अंदाज बांधून आत्ताच साठा घ्यायचा, की बोर्डच नव्यानं आखून सगळ्या चाचण्या पुन्हा करायच्या? आकर्षक वाटत नसलं तरी अनुभवी माणसाची किंमत अशाच निर्णयात कळते.

आता ज्याबद्दल घरच्यांना सर्वांत कमी सांगता येतं, ते. कामाच्या जागी फोन बाहेरच्या कपाटात ठेवायचा. टेबल रोज मोकळं करून निघायचं. ऑफिसचा लॅपटॉप भारतात न्यायचा नाही, आणि परदेशी जायच्या आधी सुरक्षा विभागाला कळवायचं. अशा नोकऱ्यांना सिक्युरिटी क्लिअरन्स, म्हणजे सरकारी पडताळणी, लागतो. एससी (सिक्युरिटी चेक) या पातळीला साधारणपणे ब्रिटनमधलं पाच वर्षांचं वास्तव्य पाहतात. डीव्ही (डेव्हलप्ड व्हेटिंग) या वरच्या पातळीला दहा वर्षांचं. कर्ज, नातेवाईक, प्रवास, सगळं विचारतात. त्यातही बऱ्याच जागांवर ब्रिटिश नागरिकत्वाची अट असते, आणि यंत्रात अमेरिकी भाग असले तर अमेरिकेचे शस्त्रनिर्यातीचे आयटार नियमही येतात, म्हणजे कोणत्या देशाच्या नागरिकानं कुठला कागद पाहायचा ते ठरलेलं. मी आले तेव्हा याच क्षेत्रातल्या, पण संरक्षणाशी संबंध नसलेल्या कामावर आले. बरीच वर्षं तेच केलं.

मग प्रश्न पासपोर्टचा आला. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. दुसरं घेतलं की आपलं संपतं, निळा पासपोर्ट परत करावा लागतो आणि बदल्यात ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड मिळतं. ये-जा आयुष्यभर करता येते, मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. बाबांशी मी या विषयावर खूप बोलले. ते आधी गप्प राहिले, मग म्हणाले, ‘बाय, काम कर, पण मत नसलं तरी गावात येत जा.’ मी निर्णय विचार करून घेतला आणि त्यावर ठाम आहे. तरी पासपोर्ट देऊन टाकताना रडू आवरलं नाही. ज्यांना हा रस्ता धरायचाय त्यांनी ही किंमत आधी समजून घ्यावी, नोकरी लागल्यावर नव्हे.

आत्या विचारते, ‘तू शस्त्रं बनवतेस का गो?’ मी हो म्हणते. रडार फक्त पाहतं असं म्हणून बाजूला होणं मला पटत नाही. पाहिल्यावर काय होतं ते मला माहीत आहे. पण नीट न दिसणारं रडार जास्त घातक असतं. आपलं कोण, परकं कोण, प्रवासी विमान कुठलं, हे चुकलं की निरपराध माणसं मरतात. १९८८ मध्ये इराण एअरची फ्लाइट ६५५ अमेरिकी युद्धनौकेनं लढाऊ विमान समजून पाडली, २९० माणसं गेली. त्या जहाजावरची रडार यंत्रणा त्या काळातली अत्यंत प्रगत होती. विमान वर चढत होतं हे यंत्राच्या नोंदीत होतं. आतल्या माणसांनी मात्र ते खाली येतंय असं धरलं. पडदा आणि माणूस यांच्यामधला सांधाही आमच्याच कामात मोडतो, आणि नवीन आलेल्या मुलांना मी ही घटना मुद्दाम सांगते.

कोकणातून, पुण्यातून जी मुलं इलेक्ट्रॉनिक्स शिकतायत आणि या कामाकडे ओढली जातायत, त्यांना माझं सांगणं असं की पहिलं दार घराजवळ आहे. बंगळुरूची एलआरडीई ही डीआरडीओची, म्हणजे आपल्या संरक्षण संशोधन संस्थेची, प्रयोगशाळा रडारंच बनवते. तेजससाठीचं ‘उत्तम’ रडार तिथलंच. गेटचे गुण आणि मुलाखत यांवर डीआरडीओत सायंटिस्ट बी म्हणून प्रवेश मिळतो. पुण्याजवळ गिरिनगरला डीआयएटी हे संरक्षण तंत्रज्ञानाचं विद्यापीठ आहे. आणि परदेशीच यायचं असेल तर हवामान, मोटारी किंवा उपग्रह यांच्या रडारपासून सुरुवात करा; लहरींचं गणित तेच, पासपोर्टच्या अटी कितीतरी सैल. संभाव्यता, सिग्नल प्रोसेसिंग आणि अँटेना हे तीन विषय पक्के करा, आणि एखादं वाक्य असं लिहायचा सराव ठेवा की वाचणाऱ्या दोघांना त्याचे दोन अर्थ लावता येणार नाहीत.